नाखूष लेफ्टनंटच्या बाजूने

गोव्यातल्या माझ्या ओळखीच्या मराठी वाचकांमध्ये गेले काही महिने एक वाद धुमसतो आहे. विषय वरकरणी किरकोळ आहे: अंतराळातल्या लष्करी साहसकथा. आमच्याकडची कॉलेजातली मुले-मुली त्या इंग्रजीतून वाचतात, काही जण आता मराठीतून लिहूही लागले आहेत, आणि या कथांची नायिका बहुधा ठरलेली असते. वय बावीस-चोवीस, हुद्दा लेफ्टनंटचा, घराण्याच्या दबावापोटी किंवा शिष्यवृत्तीच्या करारापोटी अंगावर आलेली वर्दी, आणि वरचे अधिकारी एकाएकी मारले गेल्यामुळे गळ्यात पडलेले आख्खे जहाज. तिला यातले काहीच नको असते. वाद आहे तो या 'नको'वरून. एक पक्ष म्हणतो, खऱ्या मुली आता कुठे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडू लागल्या असताना कथेतली मुलगी कच का खाते? हा बायकांचा अपमान आहे. दुसरा पक्ष म्हणतो, बाईच्या हाती जहाज दिले ना, मग उगाच खुसपटे काढू नका. ज्येष्ठांचा तिसरा पक्ष दोघांनाही उडवून लावतो: हे सगळे परदेशी खूळ, आपल्या मातीत ते रुजायचे नाही.

तिन्ही पक्ष त्या मुलीविषयी भांडतात. तिला मिळालेल्या हुकुमाविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. माझे मत आधीच सांगून टाकते. नायिकेची नाखुशी हीच या कथाप्रकारातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, पण नाखुशी दोन जातींची असते आणि आपण चुकीच्या जातीवर वाद घालत बसलो आहोत. एक नाखुशी स्वतःविषयीची: मला जमेल का, माझ्याहून दुप्पट वयाचे खलाशी माझे ऐकतील का. दुसरी हुकुमाविषयीची: हे करायचे कशासाठी, आणि ज्यांच्यावर करायचे ते कोण. पहिल्या नाखुशीवर या कथांत एकच औषध असते, पहिली लढाई. तिसऱ्या प्रकरणात शत्रूचे जहाज फुटते, खलाशी सलाम ठोकतात आणि बाई खडखडीत बऱ्या होतात. दुसरी नाखुशी लढाई जिंकून जात नाही, जिंकल्यावर उलट वाढते. पहिलीच्या कथा ढिगाने आहेत. दुसरी लिहायला घेणारे थोडे आणि ती नीट वाचणारे त्याहून थोडे, म्हणून तर हा वाद असा भरकटला.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घेते, कारण तो खरोखरच भक्कम आहे. बाईचे कचरणे आणि पुरुषाचे कचरणे एकाच तराजूत तोलले जात नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, देण्याचा निकाल दिला, त्या खटल्यात सरकारची बाजू काय होती ते आठवून पाहा. बायकांची शारीरिक क्षमता, बाळंतपण आणि घरच्या जबाबदाऱ्या, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ग्रामीण भागातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला अजून मनाने तयार नाहीत, असा युक्तिवाद. न्यायालयाने तो साचेबंद समजुतींवर उभा असल्याचे सांगून फेटाळला. पण असा युक्तिवाद एकविसाव्या शतकात, सरकारच्या वतीने, लेखी केला गेला हे विसरता येत नाही. अशा हवेत आपणच 'मला जमेल का' म्हणणारी नायिका उभी केली, तर समोरच्याच्या हाती आयते कोलीत दिल्यासारखे होत नाही का? होते. हे मला मान्य आहे. पहिल्या जातीची नाखुशी घेऊन येणारी नायिका मलाही नको आहे, आणि तिच्यासाठी मी एक ओळही खर्च करणार नाही.

पण या मुद्द्यावरून विरोधक जो निष्कर्ष काढतात तो मात्र मान्य होण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे की म्हणून नायिका कधीच डगमगता कामा नये, तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पोलादी राहावे. ही बाईला दिलेली नवी सवलत नाही, जुनीच अट वेगळ्या कागदावर लिहिली आहे. अंतराळाच्याच इतिहासातला दाखला घ्या. ऑगस्ट १९६१ मध्ये सोव्हिएत संघाचा गेर्मान तितोव दिवसभराहून थोडा अधिक काळ पृथ्वीभोवती फिरला. त्याला मळमळले, उलट्या झाल्या. परिणाम? माणसाच्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियांवर संशोधन झाले, प्रशिक्षणात सुधारणा झाल्या. पुरुषांना पाठवू नये असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. जून १९६३ मध्ये वालेंतिना तेरेश्कोवा गेली. तोवरच्या सगळ्या अमेरिकन अंतराळवीरांच्या उड्डाणांची बेरीज केली तरी तिचे जवळजवळ ७१ तास जास्त भरतात. तिलाही त्रास झाला. तिने पुढे सांगितले त्याप्रमाणे, यानाच्या दिशेची स्वयंचलित आखणी चुकल्याचे तिनेच कळवले होते आणि त्याविषयी गप्प राहण्याची विनंती तिला करण्यात आली होती. परिणाम? तिच्या कामगिरीविषयी वरिष्ठांत कुजबुज, महिलांची तुकडी उड्डाणाविना बसून राहिली, १९६९ मध्ये तर ती मोडलीच. दुसरी बाई अंतराळात जायला १९८२ साल उजाडले. तितोवची मळमळ ही एका माणसाची मळमळ ठरली, तेरेश्कोवाची सगळ्या बायकांची. कथेतल्या नायिकेने कधीच डगमगू नये असे म्हणणारा वाचक, नकळत का होईना, १९६३ सालच्या त्या वरिष्ठांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. डगमगण्याची मुभा हीदेखील बरोबरीचाच भाग आहे.

आपल्याकडे या अटीला भक्तीचा मुलामा असतो. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी लागोपाठच्या दिवशी घडल्या. २९ तारखेला लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या नौदलाच्या दोन अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून गोव्याला परतल्या, आणि ३० तारखेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. मग ठरल्याप्रमाणे रणरागिणी, दुर्गा, नारीशक्ती यांचा पाऊस. या शब्दांचा मला फार राग नाही, पण देवीला रजा लागत नाही, बदली लागत नाही आणि हुकूम पटला नाही तर तसे लेखी कळवावे असेही तिला वाटत नाही. माणसाला देवी केले की त्याच्याजवळचा 'का?' हा प्रश्न आपण काढून घेतो. झाशीच्या राणीचे आपण हेच केले. लक्ष्मीबाई म्हटले की घोडा आणि उगारलेली तलवार. पण १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर तिने आधी काय केले? अर्ज केले. जॉन लँग नावाचा वकील बोलावला, करारांचे दाखले देऊन डलहौसीकडे दाद मागितली. जून १८५७ मध्ये झाशीत इंग्रज मारले गेल्यावर सागरच्या कमिशनरला पत्रे लिहिली, आणि काही काळ इंग्रजांच्याच संमतीने जिल्ह्याचा कारभार पाहिला. तलवार सर्वांत शेवटी, मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने शहराला वेढा घातला तेव्हा. चार वर्षे युद्ध टाळू पाहणारी बाई लढायला उभी राहिली तर तिच्या लढण्याला उंची येते की ती कमी होते? आपल्या पाठ्यपुस्तकांना, चित्रांना आणि मिरवणुकींना ती चार वर्षे नकोशी का वाटतात?

यावर एक हुशार उत्तर येते, आणि ते मी ऐकले आहे: नाखूष योद्धा आपल्याला नवा नाहीच, अर्जुन आहे ना! आहेच. ज्ञानेश्वरी घरात असलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. पण त्या दाखल्याचा पुढचा भागही पाहायला हवा. अर्जुन गाळात रुतला तेव्हा कृष्णाचे पहिले शब्द समजुतीचे नव्हते, त्याने त्याच्या पुरुषपणालाच टोचले. म्हणजे कचरणे हे बायकी, ही खूणगाठ तेव्हाही पक्की होती. आणि शेवटी अर्जुन उठला, म्हणून नाखुशीवर इलाज झालाच, असे जे म्हणतात त्यांनी महाभारत अर्धेच मिटलेले असते. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराला राज्य नकोसे होते. त्याची समजूत घालायला व्यासांना शांतिपर्व लिहावे लागले, जे अठरा पर्वांत सर्वांत मोठे आहे. विजयाने बरी न होणारी नाखुशी हीच ती. तिच्यावर एवढी पाने खर्च करणारी परंपरा आपली, आणि कथेतल्या मुलीला मात्र आपण तीन प्रकरणांची मुदत देतो.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे वळते. या प्रकारचा साचा परका आहे हे खरेच आहे. तो शिडांच्या काळातल्या इंग्रजी आरमारी कथांतून आला: तरुण अधिकारी, दूरचा समुद्र, तोफांच्या फैरी, बढती. समुद्राच्या जागी अवकाश घातले की झाले. त्यामुळे या कथांत साम्राज्याचा वास येतो, आणि तोही जहाजावर असलेल्यांच्या बाजूने. किनाऱ्यावर उभे राहून जहाज येताना पाहणाऱ्यांची बाजू क्वचितच. मराठी विज्ञानकथेचे वळणही वेगळे. तिचा नायक बहुतेकदा शास्त्रज्ञ. पेच ज्ञानाने सुटतो, हुद्दा आणि हुकूम यांचे तिथे फारसे काम पडत नाही. हे सगळे कबूल. पण 'आपल्या मातीत रुजायचे नाही' हे वाक्य गोव्यात बसून म्हणायचे म्हणजे कमाल झाली. दूरच्या राजधानीतून सुटलेला हुकूम, तो पोचेपर्यंत बदललेली परिस्थिती, आणि तो पाळायचा की नाही या कात्रीत सापडलेला अधिकारी, ही परिस्थिती गोव्याला माहीत नाही तर कोणाला?

लिस्बनहून निघालेले जहाज गोव्याला लागायला साधारण सहा महिने घेई. व्हाइसरॉयने काही विचारले आणि राजाने उत्तर दिले तर ते हातात पडेपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जात. मंगळावर संदेश पोचायला तीन ते बावीस मिनिटे लागतात, आणि सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत चार वर्षांहून अधिक. अंतराळकथेतल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर जे ओझे असते ते याच अंतराचे. प्रकाशाहून वेगवान संदेशयंत्र कल्पून लेखक ते ओझे उतरवतात आणि कथेतला जीवच काढून घेतात. ज्या भूमीने साडेचारशे वर्षे या अंतरात काढली, तिथल्या लेखकाला ही गोष्ट कोणी शिकवायला नको होती.

साम्राज्याच्या वर्दीतली नाखुशीही इथलीच. १८९५ मध्ये पोर्तुगिजांच्या नोकरीतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम सुटला. कोणाच्या तरी लढाईसाठी, समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांवर बंदुका रोखायला. शिपाई बिथरले, हत्यारांसह पणजी सोडून सत्तरीत नाणूसच्या किल्ल्यावर गेले, तिथले राणे जमीनदार त्यांना मिळाले आणि उठाव पेटला. तो मोडायला लिस्बनहून राजपुत्राच्या हाताखाली फौज आणावी लागली. राण्यांचे बंड म्हणून ते आपण शाळेत शिकतो. त्याची ठिणगी शिपायांच्या 'आम्ही जाणार नाही'तून पडली हे मात्र सांगता सांगता राहून जाते. दूरच्या ग्रहावरची वसाहत चिरडायला निघालेल्या जहाजावर असे शिपाई असतील आणि त्यांच्यावर नेमलेली लेफ्टनंट मनातून त्यांच्याच बाजूची असेल, तर ती गोष्ट परकी कशी?

आणि मग १९६१. पोर्तुगिजांच्या गोव्यातला शेवटचा गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा याला १४ डिसेंबरला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश आला. त्याचा आशय असा की माघार नाही, शरणागती नाही, पोर्तुगीज शिपाई आणि खलाशी एक तर जिंकलेले असतील किंवा मेलेले. त्याच्याकडे तीनेक हजारांची फौज. समोर भारताचे भूदल, नौदल आणि वायुदल. १७ डिसेंबरच्या रात्री कारवाई सुरू झाली, काही पूल उडवले गेले, मुरगावच्या समुद्रात 'अफोंसो द आल्बुकेर्क' या युद्धनौकेने लढाई दिली, आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी वासालो ई सिल्व्हाने शरणागती पत्करली. हुकूम धडधडीत मोडून. मायदेशी परतल्यावर त्याची वाट पाहत होती ती नाचक्की. १९६३ मध्ये त्याला सैन्यातून काढून टाकले, आणि सालाझारशाही कोसळल्यावर, १९७४ मध्ये, परत घेतले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या माणसाचा पुतळा उभारायचा माझा विचार नाही. तो एका वसाहतवादी राजवटीचा प्रमुख होता. त्याच राजवटीच्या तुरुंगांत आमची माणसे खितपत पडली होती आणि स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे तर मुक्तीनंतरही १९६९ पर्यंत सुटले नाहीत. त्याने हुकूम मोडला म्हणून ही पापे धुतली जात नाहीत. तरीही विचारून पाहा. त्या दोन दिवसांत त्याच्या खुर्चीत एखादा खूष अधिकारी असता तर? ज्याला मरून अजरामर व्हायचे होते असा? पणजी, म्हापसा, मडगाव यांचे काय झाले असते, हे सांगायला युद्धशास्त्र लागत नाही. वाईट बाजूच्या वर्दीतल्या माणसाचा चांगला निर्णय, आणि त्यामुळेही त्याला न मिळणारी माफी: इतका गुंतागुंतीचा ऐवज आमच्या दारात पडला असताना आमचे तरुण लेखक आकाशगंगेच्या टोकाचे सम्राट कशाला धुंडाळतात?

त्या लढ्याच्या दुसऱ्या बाजूलाही एक तरुण बाई होती. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत सह्याद्रीच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवले. हाती बंदूक नाही, हुद्दा नाही, पावसाळ्यात जंगल काय असते ते आंबोलीकडच्यांना विचारावे. १९ डिसेंबरला विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याची बातमी लिबियाने दिली. ती नाखूष नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवते. माझ्या प्रतिपादनाला तिचा उपयोग नाही, उलट अडथळाच आहे, कारण ज्या कामावर माणसाचा विश्वास असतो तिथे सहा वर्षे जंगलात काढूनही नाखुशीला जागा उरत नाही. पण म्हणूनच ती इथे हवी. नाखुशी हा बायकांचा स्वभाव नाही, हुकूम कोणाचा आणि कशासाठी यावर ती ठरते, हे तिच्याइतके स्वच्छ कोण दाखवील?

आता शेवटचा मोठा आक्षेप, जो शांततावादी मित्रांकडून येतो. त्यांच्या मते अशा कथा, नायिका कितीही सोज्वळ असो, युद्धाला चमक आणतात. अवकाश हे शस्त्रांचे आवार आहे हे मुलांच्या मनात पक्के होते. आक्षेपात दम आहे. बहुतेक कथांत हेच होते, आणि मुखपृष्ठावरच्या त्या घट्ट चिलखतांविषयी तर मी काही बोलतच नाही. पण शस्त्रे कथाकारांनी वर नेली नाहीत. १९६७ च्या करारानुसार कक्षेत सर्वसंहारक अस्त्रे ठेवायला आणि चंद्रावर लष्करी तळ उभारायला बंदी आहे, बाकी बरेच काही मोकळे आहे. २००७ मध्ये चीनने साधारण ८६५ किलोमीटर उंचीवरचा आपलाच उपग्रह फोडला, त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे मोजले गेले आणि त्यांतले पुष्कळ अजून फिरताहेत. २७ मार्च २०१९ रोजी भारताने २८० किलोमीटरच्या आसपास तसाच प्रयोग केला. कचरा लवकर खाली येऊन जळावा म्हणून उंची मुद्दाम कमी ठेवली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने उपग्रह फोडला तेव्हा अंतराळ स्थानकावरच्या सात जणांना, त्यांत रशियनही आले, आपापल्या परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले. कक्षेतली गोळी आपला-परका ओळखत नाही. या वास्तवात जगणाऱ्या मुलांनी युद्धाच्या गोष्टी वाचूच नयेत, की ट्रिगरवर बोट ठेवून 'थांबा' म्हणणाऱ्या माणसाची गोष्ट वाचावी?

शिवाय खरे अवकाश या थांबण्याला सोयीचे आहे, आणि लेखकांनी भौतिकशास्त्राचा थोडा मान ठेवला तर ते त्यांना सापडेल. कक्षेत पुढच्या यानाला गाठायचे तर वेग वाढवून चालत नाही. आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते, तिथे फेरी लवकर पुरी होते, मग पुन्हा वर. पाठलाग म्हणजे तासन्‌तासांचे, कधी दिवसांचे गणित. लपायला ढग नाहीत, इंजिनाची उष्णता दुरून दिसते. म्हणजे हल्ला ठरवण्याचा क्षण आणि तो लागण्याचा क्षण यांच्यामध्ये भरपूर वेळ. त्या वेळात अधिकारी जेवते, झोपायचा प्रयत्न करते, समोरच्या जहाजावर किती माणसे असतील याचा हिशेब करते. विमानांच्या झुंजीसारख्या गिरक्या घेणारी याने दाखवून लेखक तिचा हा वेळ हिरावून घेतात. वेळच नसेल तर नाखुशी कुठे राहणार?

असा वेळ मिळाला आणि माणसाने तो वापरला, याचे खरे उदाहरण आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या भुयारी केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा लेफ्टनंट कर्नल पहाऱ्यावर होता. उपग्रहांनी सांगितले, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटले. मग आणखी, एकूण पाच. नियमाप्रमाणे त्याने हल्ल्याची वर्दी वर द्यायची होती. त्याने यंत्रणेतला बिघाड म्हणून कळवले, कारण पाचच क्षेपणास्त्रांनी महायुद्ध कोणी सुरू करत नाही. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते. पेत्रोवला पदक मिळाले नाही, उलट त्या रात्रीची नोंदवही नीट न भरल्याबद्दल बोलणी खावी लागली. अवकाशातली यंत्रे, लष्करी हुकूम आणि न झालेली लढाई: हे साहस नव्हे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझा वाद कथेच्या व्याख्येवरच होईल.

मराठीत अशी नायिका लिहायची तर साहित्य कमी नाही. गगनयानासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये जी चार नावे जाहीर झाली ती सगळी पुरुषांची, कारण निवड वायुदलाच्या चाचणी वैमानिकांतून झाली, आणि मुळात लढाऊ विमाने बायकांच्या हाती आली ती २०१६ मध्ये. अमेरिकेने १९५९ मध्ये हीच अट घातली होती, तेव्हा तिथे बायकांना लष्करी जेट उडवायलाच बंदी होती. तिथल्या अंतराळयानाची कमांड पहिल्यांदा बाईकडे गेली ती १९९९ मध्ये. मधल्या काळात आपल्याकडे मानवरहित उड्डाणात बसवायला इस्रोने यंत्रमानव तयार केला, आणि त्याला रूप दिले बाईचे, नाव व्योममित्रा. कधीच 'नाही' न म्हणणारी पहिली अंतराळकन्या. यातला उपरोध ज्याला दिसत नाही त्याने कथा लिहू नये. दुसरीकडे, 'तारिणी' बांधली गेली ती दिवाडी बेटावरच्या गोदीत, फेरीबोटीने दहा मिनिटांत जाता येईल अशा ठिकाणी. तिच्यावरच्या दोघी जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या पॉइंट निमोवरून गेल्या. जगाच्या पाठीवर जमिनीपासून सर्वांत दूरची ती जागा, कोणत्याही दिशेला किनारा किमान सुमारे २७०० किलोमीटरवर. स्थानक डोक्यावरून जात असेल तेव्हा तिथून सर्वांत जवळची माणसे म्हणजे ४०० किलोमीटर उंचीवरचे अंतराळवीर. दोन लेफ्टनंट कमांडर, एक बोट, आणि मदतीला आठवडे लागतील असे अंतर. वर्दीतल्या मुलीचे एकटेपण आणि तिच्या निर्णयाचे वजन समजून घ्यायला याहून वेगळी प्रयोगशाळा कशाला हवी?

राहता राहिला तो टोमणा, जो हमखास येतो आणि ज्यावर टाळ्याही पडतात: एवढी नाखूष आहे तर राजीनामा दे म्हणावे! जहाज कुठल्याही बंदरापासून तीन महिन्यांच्या अंतरावर असताना तिने तो कोणाच्या हातात द्यायचा, हा एक प्रश्न. समजा दिला. तिच्या खुर्चीत बसायला जो पुढे येईल तो नाखूष नसेल, तोफांचा तपशील त्याला पाठ असेल, आणि खालच्या ग्रहावर किती वस्ती आहे हे तो विचारणार नाही. वासालो ई सिल्व्हाने १४ डिसेंबरला राजीनामा धाडला असता तर त्याची नाचक्की टळली असती, सैन्यातली जागा राहिली असती, आणि सालाझारचा तो संदेश पणजीतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर जाऊन पडला असता. लेखकांना माझी एवढीच विनंती आहे की नायिकेला राहू द्या, हुकूम मोडू द्या, आणि गोष्ट तिथे संपवू नका. पुढची चौकशी समिती लिहा, तिच्यासमोर तिने दिलेला जबाब लिहा, तिच्या विरुद्ध साक्ष देणारे तिचेच खलाशी लिहा, आणि बडतर्फीनंतरची ती अकरा-बारा वर्षेही.